गड्ड्यातला पाळणा आणि खोपोलीचा नायट्रो

सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचा गड्डा (म्हणजे जत्रा) उठला की घराघरांत मे महिन्याच्या सहलीची बोलणी सुरू होतात. त्यामुळे या वेळची बहुतेक पत्रं पाळणे, राइड आणि रोलर कोस्टर यांच्यावर आली. एकाच अर्थाचे प्रश्न आम्ही एकत्र केले आहेत.

होम मैदानावर दर वर्षी आकाशपाळणा, कोलंबस, ब्रेक डान्स लागतात. चार दिवसांत उभं केलेलं हे लोखंड धड आहे की नाही, हे आमच्यासारख्यांनी बाहेरून कसं ओळखायचं?
*एक गृहिणी, बाळीवेस*

वर बघू नका, आधी पायाकडे बघा. पाळण्याचं सगळं वजन मोजक्या पायांतून जमिनीवर येतं. त्या पायांखाली लाकडी स्लीपर किंवा जाड लोखंडी प्लेट हवी आणि ती सपाट बसलेली हवी. विटांचे, फरशीचे तुकडे सारून लेव्हल साधलेली दिसली तर तिथूनच परत फिरा. हादऱ्यांनी तुकडा फुटतो, एक पाय बसतो आणि सगळ्या सांगाड्याला पीळ पडतो. धूळ बसावी म्हणून मैदानावर पाणी मारतात, ते पायांशी साचलेलंही नको.

मग जोड तपासा. जत्रेतली राइड पुन्हा खोलून ट्रकात भरायची असते, म्हणून तिचे मुख्य जोड वेल्डिंगचे नसतात, पिनांचे असतात. प्रत्येक जाड पिनच्या टोकाला छोटी कॉटर पिन किंवा क्लिप असलीच पाहिजे. मोठी पिन सहसा तुटत नाही. कंपनांनी ती तसूतसूनं सरकते आणि एके दिवशी बाहेर येते. तिला अडवायचं काम त्या किरकोळ किमतीच्या क्लिपचं. क्लिपच्या जागी वाकवलेला खिळा किंवा गुंडाळलेली बाइंडिंग तार असेल, तर मालकाची काळजी कुठे संपते ते तुम्हाला कळलं. बसायचा डबा ज्या दांड्याला टांगलेला असतो, तिथे पिनशिवाय आधाराची साखळी किंवा दुसरी कडी असेल तर उत्तम.

तिसरी गोष्ट वीज. जनरेटरच्या केबलचे टेप गुंडाळलेले जोड लोकांच्या पायाखाली नकोत. सांगाड्याला जोडलेली अर्थिंगची तार जमिनीत रोवलेल्या सळईपर्यंत गेलेली दिसायला हवी.

आणि सगळ्यात महत्त्वाचा ऑपरेटर. सोळा डब्यांच्या पाळण्यात एकाच बाजूच्या चार डब्यांत चार-चार माणसं बसवली आणि माणशी ६० किलो धरले, तर त्या बाजूला ९६० किलो जास्त होतात. मोटार आणि ब्रेक या असमतोलाशी झगडत राहतात. ब्रेक घसरला तर जड बाजू आपोआप खाली येते. म्हणून जाणता ऑपरेटर एक डबा भरला की अर्धा फेरा फिरवून समोरचा भरतो. उतरवतानाही तोच क्रम. लोक ओरडतात, की उगाच लटकवून ठेवलंय. उलट, सलग डबे भरत सुटणारा ऑपरेटर दिसला तर त्या रांगेत थांबू नका.

आमचं मत विचाराल, तर जत्रेत आकाशपाळण्यापेक्षा कोलंबस आणि ब्रेक डान्सकडे जास्त बारकाईनं बघावं. पाळणा संथ असतो. या दोन्हींत माणूस आसनावरून सरकतो किंवा उचलला जातो आणि त्याला धरून ठेवणारी एकच आडवी दांडी असते. बसल्यावर ती दांडी स्वतः वर ढकलून पाहा. खटका सुटला तर तिथल्या तिथे उतरा, पैसे गेले तरी चालतील.

आम्ही सहा मित्र आहोत. सोलापूरहून खोपोलीचं इमॅजिका बरं की हैदराबादचं वंडरला?
*महाविद्यालयीन विद्यार्थी, जुळे सोलापूर*

अंतर दोन्हीकडे सारखंच, सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. फरक आहे तो तुम्ही कशासाठी जाताय यात.

फक्त रोलर कोस्टरसाठी जात असाल तर खोपोली. तिथला नायट्रो हा स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबिलार्ड कंपनीचा. सुमारे ४० मीटर उंच, साधारण ८५० मीटर लांब, पाच वेळा उलटं करणारा. तो फ्लोअरलेस आहे, म्हणजे स्टेशनात तुम्ही बसलात की पायाखालची जमीन खाली जाते आणि पाय मोकळे लोंबकळतात. या कंपनीचा ट्रॅक लांबूनही ओळखू येतो. खालचा मुख्य कणा चौकोनी, पोकळ पेटीसारखा असतो आणि गाडी गेली की त्यातून घुमल्यासारखा आवाज येतो. शेजाऱ्यांची तक्रार आली की काही पार्क त्या पोकळीत वाळू भरतात.

वंडरलातला रिकॉइल वेगळ्या जातीचा. गाडीला मागे ओढत उंचावर नेतात आणि सोडतात. ती लूपमधून (ट्रॅकच्या उभ्या वेटोळ्यातून) जाऊन समोरच्या चढावर थांबते आणि तोच रस्ता उलट्या दिशेनं कापते. उलटं जाताना पुढचं वळण दिसत नाही, त्यामुळे शरीर सावरायला वेळ मिळत नाही. एकदा मजा येते, दुसऱ्यांदा मान दुखते.

घरातली सगळी वयं बरोबर असतील तर मात्र वंडरला. तिथे जमिनीवरच्या आणि पाण्यातल्या राइड एकाच तिकिटात येतात. इमॅजिकात वॉटर पार्कचं तिकीट वेगळं.

जाण्याबद्दल एक सूचना. सकाळच्या वंदे भारतनं निघालात तरी पुण्यातच नऊ वाजतात, पुढे घाटाचा रस्ता. पोचेपर्यंत दिवसाचा चांगला तुकडा गेलेला असतो. आदल्या रात्री लोणावळ्यात किंवा खोपोलीत मुक्काम करा आणि गेट उघडताना दारात हजर राहा. आत शिरल्या शिरल्या पहिल्या दुकानाशी फोटो काढत बसू नका, सरळ नायट्रो गाठा. गर्दी दारापासून आत झिरपत येते. पहिल्या तासात जितक्या फेऱ्या होतील तितक्या दुपारभरात होत नाहीत.

आमच्या लहानपणी शाळेची सहल एस्सेलवर्ल्डला जायची. आता मुलांना न्यावं म्हणतो.
*अशोक चौक*

१९८९ साली सुरू झालेलं गोराईचं ते पार्क २०२२ मध्ये बंद झालं. शेजारचं वॉटर किंगडम वेगळं, ते पाण्याच्या खेळांचं.

पुढे बसावं की मागे?
*अनेक वाचक*

याच्या उत्तरात रोलर कोस्टरचं निम्मं शास्त्र आहे. गाडी लांब असते. पुढचा डबा माथ्यावरून वळतो तेव्हा मागचे डबे अजून चढावरच असतात आणि त्याला मागे खेचत असतात. म्हणून पुढचा माणूस कड्यावर क्षणभर लटकून खाली बघतो. गाडीचा मध्य माथा ओलांडतो आणि मग वेग वाढू लागतो. शेवटचा डबा माथ्यावर येईपर्यंत गाडी सुसाट सुटलेली असते. तो डबा उतारावरून अक्षरशः हिसकला जातो आणि माणूस आसनावरून उचलला जातो.

थोडक्यात, पुढे वारा आणि दृश्य, मागे जोर. आधी पुढे बसा, रस्ता कळू द्या, मग मागे. भीती वाटत असेल तर मधल्या ओळी. जुन्या, खडखडणाऱ्या कोस्टरवर दोन ओळींचा डबा असेल तर चाकांच्या थेट वरची ओळ टाळा, प्रत्येक सांध्याचा दणका तिथेच लागतो.

आमचा यंत्रमाग दुरुस्तीचा धंदा आहे. म्हणून विचारतो: शंभरच्या वेगाला गाडी रुळावरून उडत कशी नाही? चाकं कसली असतात, झिजतात किती, आणि ब्रेक लागला नाही तर?
*अक्कलकोट रोड, एमआयडीसी*

असा प्रश्न आला की उत्तर लांबतं, ते चालवून घ्या.

चाकं तीन प्रकारची. ट्रॅकच्या वर चालणारी मुख्य चाकं वजन पेलतात. बाजूची चाकं वळणावर गाडीला धरतात. तिसरी चाकं ट्रॅकच्या खालून असतात, गाडी वर उचलली जाऊ नये म्हणून. ही खालची चाकं अमेरिकेतल्या जॉन मिलरची देणगी, १९१९ चं पेटंट. त्यांच्याआधी चढ-उतार हलके ठेवावे लागत, कारण गाडीला रुळावर फक्त तिचं वजन धरून ठेवायचं. १९५९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये मॅटरहॉर्न उभा राहिला, तो पोलादी नळीच्या ट्रॅकवरचा पहिला. तिथून नळीला तिन्ही बाजूंनी कवटाळणारी चाकं रूढ झाली.

चाकाचा मधला भाग धातूचा आणि वरची धाव पॉलियुरेथेनची किंवा नायलॉनची. पॉलियुरेथेन मऊ, प्रवास गुळगुळीत, पण घर्षण जास्त. नायलॉन कडक, गाडी वेगात पळते आणि प्रवाशांचे दात वाजतात. एकाच गाडीत दोन्हींची भेळ करून हवा तो वेग साधता येतो. बिघाड कसा होतो तेही सांगतो. उन्हात आणि भारात चाक तापतं, धाव आणि धातू यांच्यातलं चिकटणं कमजोर होतं आणि पापुद्रा सुटतो. गाडी एकाच जागी खूप उभी राहिली तर धावेला सपाट ठसा पडतो आणि मग ठकठक येते. बेअरिंग जायला लागलं तर तुम्हाला नव्यानं सांगायला नको: आधी हात लावून गरम लागतं, मग आवाज येतो. म्हणून रोज सकाळी चाकं हातानं फिरवून बघतात, नट-बोल्टवर मारलेली रंगाची रेघ तुटली आहे का ते बघतात (रेघ सरकली म्हणजे नट फिरला), मग रिकाम्या गाडीच्या फेऱ्या होतात. अ‍ॅक्सल ठरावीक मुदतीनं उतरवून त्यांची चुंबकीय कणांनी किंवा रंगद्रव्यानं तपासणी करतात, डोळ्यांना न दिसणारी चीर सापडावी म्हणून.

चढावर येणारा टक-टक आवाज साखळीचा नव्हे. गाडीखालची खिट्टी दातेरी पट्टीवरून सरकत जाते, तो तिचा आवाज. साखळी तुटली तर गाडी एका दातापुरती मागे येते आणि थांबते.

आता ब्रेक. जुन्या पद्धतीत हवेच्या दाबानं जबडे गाडीखालच्या पट्टीला धरतात. त्यात युक्ती अशी, की हवेचा दाब जबडे उघडायला लागतो, बंद करायला स्प्रिंग असते. हवा गेली तर ब्रेक लागतो, सुटत नाही. नव्या पद्धतीत कायमस्वरूपी चुंबक असतात आणि त्यांच्यामधून तांब्याची किंवा अ‍ॅल्युमिनियमची पट्टी जाते. पट्टीत भोवरा प्रवाह (भोवऱ्यासारखे फिरणारे विजेचे प्रवाह) निर्माण होतात आणि तेच गतीला विरोध करतात. ना बाहेरची वीज, ना स्पर्श, ना झीज. मर्यादा एकच: वेग कमी झाला की विरोधही कमी होतो, त्यामुळे चुंबक गाडीला मंद करतात, पूर्ण थांबवू शकत नाहीत. शेवटी जबड्याचा ब्रेक किंवा फिरतं रबरी चाक लागतंच.

आणि दोन गाड्या एकमेकींवर आदळू नयेत म्हणून रेल्वेसारखी ब्लॉक पद्धत. ट्रॅकचे विभाग पाडलेले, एका विभागात एकच गाडी. पुढचा विभाग मोकळा झाल्याची खूण सेन्सरनं दिली नाही, तर मागची गाडी ब्रेकवर किंवा चढावर आपोआप थांबते.

मग आमची गाडी चढाच्या मध्यावर दहा मिनिटं अडकली होती, ते यामुळेच का? आम्ही हार्नेस (खांद्यांवरून येणारी संरक्षक चौकट) उघडायच्या बेतात होतो.
*पंढरपूर*

बहुतेक यामुळेच. पुढची गाडी स्टेशनात भरायला वेळ लागला, कुणाची चप्पल पडली, सेन्सरला शंका आली, की मागची थांबते. चढावर थांबणं ही यंत्रणेची शिस्त आहे. हार्नेसला हात लावू नका. डोकं मागे टेकवून बसा, कारण गाडी पुन्हा सुरू होताना हिसका बसतो. उतरवायचंच ठरलं तर कर्मचारी चढाशेजारच्या जिन्यानं येतात, एकेक ओळ उघडतात आणि तुम्हाला धरून खाली नेतात.

लूपमध्ये उलटं झाल्यावर माणूस पडत का नाही? आणि लूप गोल नसून थेंबासारखा का असतो?
*विज्ञान शिक्षक, बार्शी*

लूपच्या माथ्यावर वेग पुरेसा असेल तर ट्रॅक गाडीला खाली दाबत असतो, त्यामुळे तुम्ही आसनालाच चिकटलेले राहता. हार्नेस तिथे विम्यासारखा.

गोल लूपचा घोटाळा तळाशी होतो. माथ्यावर जेमतेम निभावेल इतका वेग ठेवला, तरी ऊर्जेच्या हिशेबानं तळाशी माणसावर त्याच्या वजनाच्या सहापट भार येतो. ६० किलोच्या मुलाला ३६० किलो झाल्यासारखं वाटेल. मुलांना फळ्यावर हे गणित सोडवायला द्या: माथ्यावर वेगाचा वर्ग गुरुत्व गुणिले त्रिज्या, तळाशी त्याच्या पाचपट, आणि त्यात स्वतःच्या वजनाचा एक. १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर फ्लिप फ्लॅप नावाची गोल लूपची गाडी सुरू झाली आणि लोक माना धरून उतरू लागले.

तोड अशी निघाली, की त्रिज्या तळाशी मोठी आणि माथ्यावर लहान ठेवायची. वेग जास्त तिथे वळण सैल, वेग कमी तिथे घट्ट. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मॅजिक माउंटन पार्कात आंतोन श्वार्त्सकोफ यांनी बांधलेल्या आणि वेर्नर स्टेंगल यांनी आखलेल्या रेव्होल्यूशनमध्ये हा थेंबाचा आकार आला आणि रुळला.

लूपच्या तळाशी डोळ्यांपुढे करडं आलं तर घाबरू नका. रक्त पायांकडे ओढलं जातं. मांड्या आणि पोट आवळून धरा, फरक पडतो.

मुलगा नऊ वर्षांचा, उंची १२८ सेंटीमीटर. जाड तळव्याचे बूट घातले तर १४० च्या राइडला सोडतील का?
*होटगी रोड*

बारा सेंटीमीटरचा तळवा मिळाला तरी नका करू. उंचीची अट मुलाच्या धैर्यासाठी नसते. हार्नेस खांद्यावर बसतो का, लॅप बार मांडीवर येतो की पोटावर, यासाठी ती असते. लहान मूल हलक्या क्षणी बारखालून सरकू शकतं. बूट पायाला उंची देतात, मांडीला नाही. १२० सेंटीमीटरच्या अटीच्या राइड त्याला खुल्या असतात, तेवढ्यात तो दमून झोपेल.

मला प्रत्येक राइडनंतर उलटी होते. गोळी घ्यावी का?
*अक्कलकोट*

गोळीचं डॉक्टरांना विचारा. तिनं झोप येते, आणि पेंगत राइडवर बसणं बरं नाही. पण आधी हे करून बघा. उलटी बहुतेकदा कोस्टरनं होत नाही, गोल फिरणाऱ्या राइडनं होते. कानाच्या आतल्या नळ्यांतलं द्रव राइड थांबल्यावरही काही क्षण फिरतच असतं, डोळे म्हणतात थांबलो, कान म्हणतो फिरतोय. म्हणून ब्रेक डान्स, टोरा टोरा, कप-बशी यांच्यावर फुली मारा. कोस्टरवर डोळे मिटू नका, पुढच्या वळणाकडे बघा. डोकं टेकवून ठेवा. उपाशी जाऊ नका आणि तुडुंब खाऊनही नको: दोन तास आधी अर्धी भाकरी, भात-वरण असं काही. शेंगाचटणी आणि तेलकट भजी परतीच्या प्रवासाला ठेवा. दोन राइडमध्ये वीस मिनिटं सावलीत बसा. मे महिन्यात निम्मी मळमळ उन्हाची आणि कमी पाण्याची असते.

साडी नेसून बसलं तर चालतं का?
*माढा*

रोलर कोस्टरवर पदर नीट खोचून कदाचित बसू देतील, पण सलवार-कमीज बरी, ओढणीशिवाय. गो-कार्टवर मात्र अजिबात नको. तिथे मागचा अ‍ॅक्सल उघडा फिरत असतो आणि पदर, ओढणी, मोकळे केस त्यात गुंडाळले जातात. केसांचा अंबाडा घालून, जाळी लावून, हेल्मेटच्या आत घ्या. हेल्मेट देत नसतील तर ती राइड सोडा.

भारतात जगातल्यासारखे उंच कोस्टर कधी येणार? आम्हाला नेहमी वाटतं की आपल्याकडे सगळं बुटकंच.
*विजापूर रोड*

उंचीचं हे वेड आम्हाला पटत नाही. न्यू जर्सीचा ‘किंगडा का’ हा कोस्टर २००५ मध्ये १३९ मीटर उंचीनं जगात पहिला आला. वर गेला, खाली आला, अठ्ठावीस सेकंदांत खेळ खलास. त्याची प्रक्षेपण यंत्रणा सतत दुरुस्तीला यायची. २०२५ च्या फेब्रुवारीत तो सुरुंग लावून पाडला. अबू धाबीचा फॉर्म्युला रोसा २०१० पासून ताशी २४० किलोमीटरनं पळतो, डोळ्यांना गॉगल लावून बसावं लागतं. पण तिथे कौतुक वेगाचं, वळणांचं नाही.

उलट ओहायोतल्या सीडर पॉइंटचा स्टील व्हेंजन्स पाहा. १९९१ च्या जुन्या लाकडी कोस्टरच्या सांगाड्यावर पोलादी ट्रॅक टाकून २०१८ मध्ये तो उभा केला. उंची जेमतेम ६२ मीटर. पण त्यात आसनावरून उचललं जाण्याचा वेळच सत्तावीस सेकंदांचा, म्हणजे जवळजवळ किंगडा काची अख्खी फेरी. शौकीन लोक याला वर ठेवतात, आणि आम्हीही.

हाच निकष नायट्रोला लावला तर? गुळगुळीत, नेटका, लूपमध्ये चांगला दाबणारा, पण उचलणारा नव्हे. आपल्याकडे उणीव आहे ती उचलणाऱ्या टेकड्यांची. २५-३० मीटरचा, एकही लूप नसलेला, पाठोपाठ आठ-दहा टेकड्यांचा कोस्टर कुणी बांधला तर तो आजीपासून नातवापर्यंत चालेल आणि खर्चही आवाक्यात राहील. पण जाहिरातीत उंची आणि लूपच छापले जातात, त्यामुळे पार्कवाले तेच विकत घेतात.

फास्ट ट्रॅकचे (रांग टाळायच्या पासचे) पैसे द्यावेत का?
*एका कुटुंबाच्या वतीने, सात रस्ता*

रांगेत उभं राहण्याआधी पाच मिनिटं मोजमाप करा. एका गाडीत किती जण बसतात आणि दोन गाड्या किती मिनिटांनी सुटतात, ते घड्याळावर बघा. समजा वीस जण आणि चार मिनिटं, तर तासाला तीनशे. तुमच्या पुढे दीडशे डोकी असतील तर अर्धा तास. एवढ्यासाठी जादा पैसे नकोत. गर्दी असूनही एकच गाडी चालवत असतील, तर मात्र रांग दुप्पट धरा. शनिवार-रविवार आणि दिवाळीच्या सुट्टीत पास उपयोगी पडतो, शाळा सुरू असताना मंगळवार ते गुरुवार तो घेऊ नका. आणि घेण्याआधी त्यात कोणत्या राइड येतात ते वाचा. ज्या राइडला रांगच नसते, त्यांची नावं यादी लांब दिसावी म्हणून घातलेली असतात.

नायट्रोवर एकच फेरी परवडणार असेल तर सकाळी बसू की संध्याकाळी?
*कुर्डुवाडी*

रांग टाळायची तर सकाळी. वेग हवा तर दुपार कलल्यावर. रात्रभर थंड राहिलेलं बेअरिंगमधलं ग्रीस घट्ट असतं, दिवसभराच्या फेऱ्यांनी ते सैल होतं आणि गाडी हलकी पळते. गाडी भरलेली असेल तर आणखी चांगलं: वजन वाढलं तरी घर्षण आणि वारा त्या प्रमाणात वाढत नाही. पावसाच्या हलक्या सरीनंतर, राइड पुन्हा सुरू झाल्या झाल्या, ओल्या ट्रॅकवर गाडी सर्वांत जोरात जाते. फक्त चष्मा दोरीनं बांधा, त्या वेगाला थेंब खड्यासारखे लागतात.